धाकट्या वन्सं

मी एक बाटली बोलतेय. तपकिरी काचेची, वीतभरसुद्धा उंच नसलेली, बुचाच्या जागी रबरी फुगा आणि थेंब टाकायची काचनळी असलेली. माझ्या पोटात जे होतं त्याचं नाव फिनॉल्फ्थॅलीन. हे नाव एका दमात उच्चारणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. ज्यानं मला भरलं, त्यानंही ते लेबलावर लिहिलं आणि तो गप्प बसला.

मी दर्शक आहे. एखादी गोष्ट आम्ल आहे की आम्लारी, म्हणजे आंबटाच्या बाजूची की सोड्याच्या बाजूची, ते आम्ही दर्शक मंडळी रंग बदलून सांगतो. माझं सांगणं अगदी थोडक्यात असतं. लिंबाच्या रसात मला टाका, मी पाण्यासारखी राहते. व्हिनेगरमध्ये टाका, तशीच राहते. नुसत्या पाण्यातही तशीच. साबणाच्या किंवा धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात टाकलंत तर मात्र मी गुलाबी होते. एवढंच मला येतं. पण जे येतं ते चोख येतं, आणि त्यामुळे माझं कोणाशी फारसं जमलं नाही.

माझा जन्म रसायनांच्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत झाला. पांढरी भुकटी स्पिरिटमध्ये विरघळवली, गाळली, बाटलीत भरली, झालं. कपाटात शेजारी लिटमस होता. आम्लात लाल, आम्लारीत निळा. आल्यागेल्याला रंग दाखवायची त्याला भारी हौस. पलीकडे मिथिल ऑरेंज. आम्लात तांबडी, आम्लारीत पिवळी. बिनरंगाचं तिला घटकाभर राहवत नसे. त्या दोघांपुढे मी म्हणजे अगदीच घुमी. माझ्या पूर्वजांनी एके काळी जुलाबाचं औषध म्हणून नाव कमावलं होतं. घराण्याच्या त्या कीर्तीबद्दल आमच्यात कोणी बोलत नाही.

मला विकत घेतलं ते एका प्रसूतिगृहाच्या मोठ्या परिचारिकाबाईंनी. मला वाटलं, आता दवाखान्यात राहायचं, पांढऱ्या स्वच्छ फडताळात. बाईंनी मला पर्समध्ये टाकलं आणि थेट लाँड्रीत नेलं.

लाँड्री लहानशी होती, घरातल्याच माणसांनी चालवलेली. पुढे गिऱ्हाइकांचा ओटा, मागे धुण्याचं यंत्र, पिळायचं यंत्र, आणि कोपऱ्यात शेवटच्या पाण्याचा सिमेंटचा हौद. मालक शांत स्वभावाचे होते. दोन बायका एकाच वेळी बोलू लागल्या की ते कपडे वाळलेत का बघायला गच्चीवर जात. त्यांची बायको म्हणजे वहिनी. सगळी गिऱ्हाइकं त्यांना वहिनीच म्हणत. आणि मालकांची थोरली बहीण म्हणजे ताई. वडील गेल्यावर लाँड्री ताईंनीच उभी केली, भावालाही त्यांनीच उभं केलं. चादरीची घडी त्या अशी घालत की कोपऱ्यावर कोपरा बसला की हलायची बिशाद नव्हती. वहिनी त्यांना वन्सं म्हणत, आणि दिवसातून बऱ्याच वेळा मनातल्या मनात आणखीही काही म्हणत असाव्यात.

परिचारिकाबाईंनी मला ओट्यावर ठेवलं आणि म्हणाल्या, "बाळांच्या पाठीवर पुरळ येतंय. तुमच्या कपड्यांत सोडा राहतोय."

"अहो, तीन पाण्यांतून काढतो आम्ही!" वहिनी म्हणाल्या.

"मग चौथ्यातून काढा. कपडा पिळून झाला की कोपऱ्यावर हिचा एक थेंब टाकायचा. गुलाबी झाला तर सोडा आहे. नाही झाला तर पाठवून द्या."

ताईंनी लगेच एक पिळलेलं दुपटं उचललं आणि थेंब टाकला. मी माझं काम केलं. कोपऱ्यावर छान गुलाबी ठिपका उठला.

"अगं बाई!" वहिनींनी कपाळाला हात लावला. "घरात एक वन्सं कमी होत्या का, तर ही दुसरी आली खोड काढायला!"

मालक हसले. ताई हसल्या नाहीत. पण नाव मात्र चिकटलं. त्या दिवसापासून मी धाकट्या वन्सं झाले. "धाकट्या वन्संना विचारलं का?" असं मालकही म्हणू लागले. लेबलावरच्या नावापेक्षा मला हे बरं वाटायचं.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. ताईंनी घरात सापडेल त्याची परीक्षा घेतली. अंगाचा साबण, गुलाबी. काच पुसायचं अमोनियाचं पाणी, गुलाबी. चुन्याची निवळी, चांगलीच गुलाबी. खाण्याचा सोडा, गुलाबी म्हणावं की नाही असा फिका. संत्र्याच्या रसात काही नाही, ताकात काही नाही. मालकांच्या आम्लपित्ताच्या औषधात मी गुलाबी झाले तेव्हा मालकांनी ते औषध घ्यायचं थांबवलं. वास्तविक आम्लपित्ताचं औषध आम्लारीच असायला हवं, त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. पण मी फक्त रंग सांगते, अर्थ ज्याचा त्यानं लावायचा.

मग नव्याची नवलाई संपली आणि काम सुरू झालं. चादर, थेंब, गुलाबी, परत हौदात. हौदातल्या पाण्यात ताई थोडं लिंबूसत्त्व विरघळवलेलं पाणी घालत. लिंबूसत्त्व हे आम्ल. कपड्यात दडून बसलेला सोडा ते मारतं. मग पुन्हा थेंब. रंग नाही आला की ताई म्हणत, "चला, हिची तक्रार नाही." माझ्या गप्प बसण्याला एवढा मान असेल असं मला वाटलं नव्हतं.

प्रसूतिगृहातलं पुरळ थांबलं. लाँड्रीत मात्र सुरू झालं. कारण थेंब कोणीही टाकला तरी हौदाशी वाकून कपडे खंगाळायच्या वहिनी. त्या म्हणायच्या "झालं", आणि मी म्हणायची नाही झालं. असं रोज. माणसाला एखाद्या बाईनं खोटं पाडलं तर तो भांडू शकतो. बाटलीनं पाडलं तर काय करणार?

एकदा वहिनींच्या लेकीचं शाळेत गाणं होतं. वेळ होत आली होती आणि दुपट्यांचा ढीग परत हौदात जायच्या रंगात होता. वहिनींनी इकडेतिकडे पाहिलं, सरबताला आणलेल्या लिंबाची फोड घेतली आणि वरच्या दुपट्यांच्या कोपऱ्यांना चोळली. मग त्याच कोपऱ्यांवर थेंब टाकला. लिंबाचं आम्ल कोपऱ्यापुरता सोडा खाऊन बसलं होतं. मी तशीच राहिले. मला जे विचारलं गेलं त्याचं उत्तर मी बरोबर दिलं; मला कोपरा विचारला होता, दुपटं नव्हे.

ताई आल्या. दुपटं उचललं, नाकाशी नेलं.

"लिंबू?"

वहिनींनी फोड मुठीत लपवली.

ताईंनी थेंबनळी त्यांच्या हातून घेतली आणि दुपट्याच्या मधोमध थेंब टाकला. मधोमध मी लालबुंद व्हायचीच बाकी होते.

"लेकीकडे जायचं होतं तर मला सांगायचंस," ताई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "मी काढलं असतं धुऊन. जा तू, गाणं चुकवू नकोस. पण दुसऱ्यांच्या लेकरांच्या पाठीशी असला खेळ पुन्हा नाही."

वहिनी गेल्या. गाणं चुकलं नाही, पण परत आल्यावर त्यांनी ते कोणाला म्हणून दाखवलं नाही. आणि मी त्या दिवसापासून कोनाड्यातून उठून ताईंच्या एप्रनच्या खिशात राहायला गेले.

मला वहिनींबद्दल एक सांगायचं आहे, कारण दुसरं कोणी सांगणार नाही. त्या दिवसानंतर त्यांनी एकदाही अर्धवट काम केलं नाही. चार पाण्यांतून काढायचं तर त्या पाचांतून काढत. दुपटं पिळताना बोटांना निसटतं लागतंय का, ते चाचपत. सोडा असला की ओलं कापड बुळबुळीत लागतं. त्यांनी "झालं" म्हटलं आणि मी गुलाबी झाले, असं पुढे घडलंच नाही. तरी त्या "झालं, वन्सं" म्हणाल्या की ताईंचा हात खिशाकडे जायचा. दर वेळी. वहिनी तोंड फिरवून दुसरं दुपटं उचलत. त्यांना पगारवाढ नको होती, कौतुक नको होतं. आपण "झालं" म्हणावं आणि त्या हातानं खिशाकडे जाऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं. मला खिशातून सगळं स्पष्ट दिसत होतं. पण मला सोडा कळतो. असल्या गोष्टींत माझा रंग बदलत नाही.

आता त्या दिवसाकडे येते.

मालकांना घाऊक दुकानात कॅन स्वस्त मिळाले. एका कॅनमध्ये लिंबूसत्त्वाचं तयार पाणी, दुसऱ्यात चिवट डागांसाठी आणि तुंबलेल्या मोरीसाठी कॉस्टिक सोड्याचं पाणी, तेही अति तीव्र, कातडी भाजेल असं. दोन्ही कॅन सारखे पांढरे, दोन्हींतलं पाणी सारखंच नितळ, वास कशालाच नाही. ओळखायला वर कागदी लेबलं होती. वाटेत कॅनना धूळ लागली होती. मालक लाँड्रीवाले. त्यांनी दोन्ही कॅन बाहेरून साबण लावून, ब्रशनं घासून लख्ख धुतले आणि ओळीनं लावून ठेवले. मग ते गच्चीवर गेले.

ताईंची एक सवय सांगायला हवी. दिवसभर सोड्यात हात घालून त्यांच्या हातांना भेगा पडत, कातडी बुळबुळीत होई. म्हणून काम आटोपत आलं की त्या पांढऱ्या एनॅमलच्या वाडग्यात लिंबूसत्त्वाचं पाणी घेत आणि दोन्ही हात मनगटांपर्यंत बुडवून उभ्या राहत. डोळे मिटून. त्यांचा दिवसातला तेवढाच आराम होता.

त्या दिवशी त्यांनी नव्या कॅनमधून वाडगा भरला. हात घालणार, तेवढ्यात त्यांना दिसलं की कॅनवर लेबल नाही. दुसऱ्यावरही नाही.

"याला काय म्हणावं आता," त्या म्हणाल्या. "आंबट कुठलं नि सोडा कुठला?"

"हात घालू नका हं, वन्सं," हौदापाशी दुपटी खंगाळणाऱ्या वहिनी म्हणाल्या आणि हात पुसत जवळ आल्या. "ते येऊ देत, त्यांना विचारू."

"त्याला काय विचारायचं? हिला विचारते." आणि मी खिशातून बाहेर आले. मी तेव्हा तळाला गेले होते. आत थोडंच उरलं होतं. ताईंनी नळीत थेंब घेतला. थेंब टाकता टाकता त्यांना आठवलं की सकाळी गिऱ्हाइकाचा सदरा वहिनींनी ओलाच घडी केला होता. ते सांगायला त्यांनी मान वर केली. "आणि तो सदरा," त्या म्हणाल्या, "तसाच ठेवलास तर वास मारेल, कितीदा सांगितलं."

आणि त्याच क्षणी मी वाडग्यात पडले.

माझ्याबद्दलची एक गोष्ट लेबलावर लिहिलेली नसते. सोड्याचं पाणी बेताचं असलं तर मी गुलाबी होते आणि गुलाबी राहते. पण आम्लारी अतिच तीव्र असली, तर मी क्षणभर लालगुलाबी होते आणि लगेच रंग सोडून देते. परत पाण्यासारखी. फार झालं की माझी वाचाच बसते. वाडग्यात तेच झालं. एक गुलाबी लाट उठली, फिरली आणि विरून गेली. ताईंनी मान खाली केली तेव्हा वाडगा नितळ होता.

"आंबटच आहे," ताई म्हणाल्या आणि बाह्या वर सारू लागल्या.

"वन्सं, गुलाबी झालं होतं!"

"कुठंय गुलाबी?"

"झालं होतं. आता गेलं. मी पाहिलं ना!"

"काहीतरीच. गुलाबी झालं की ते राहतं. इतके दिवस बघतेय मी."

"मग आणखी एक थेंब टाका."

"तळाला गेलीय ती. एकदा विचारलं की विचारलं." एका हातात मी होतेच. दुसरा हात वाडग्याच्या काठावर आला.

मी ओरडले असते. मी आयुष्यभर एकच शब्द बोलत आले, आणि तो नेमका बोलून पुसला गेला होता. आता त्या खोलीत खरं काय ते एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि त्या माणसाच्या शब्दावर त्या घरात कोणी घडी केलेला रुमालसुद्धा ठेवत नव्हतं. मला फार भीती वाटली. त्या हातांनी मला रोज धरलं होतं.

वहिनींनी वाद घातला नाही. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांनी थोरल्या नणंदेला कधी बोटानंही स्पर्श केला नव्हता. आता त्यांनी ताईंचं मनगट पकडून मागे खेचलं, आणि दुसऱ्या हातानं वाडगा उचलून आतल्या पाण्यासकट सरळ हौदात भिरकावला. या ओढाताणीत मीही ताईंच्या हातून सुटले, ओट्याच्या कडेवर आपटले, आणि नळी फुटून वाडग्यामागोमाग हौदात गेले.

तिथे भरपूर पाणी होतं. कॉस्टिक त्यात पातळ झालं, माझं उरलंसुरलं सगळं त्यात मिसळलं, आणि मला वाचा फुटली. हौदाच्या एका कोपऱ्यातून गुलाबी रंग निघाला आणि पसरत पसरत चारी भिंतींना लागला. प्रसूतिगृहाची सगळी दुपटी, सगळ्या पांढऱ्या चादरी गुलाबी झाल्या. एवढं मोठ्यानं मी कधीच बोलले नव्हते.

दोघी बघत उभ्या होत्या. ताईंनी स्वतःचे हात उलटेसुलटे करून पाहिले. कोरडे होते.

मग त्यांचं लक्ष वहिनींकडे गेलं. वाडगा भिरकावताना काही शिंतोडे वहिनींच्या हातावर उडाले होते. तिथली कातडी लाल व्हायला लागली होती. ताईंनी त्यांना ओढत नळाखाली नेलं, तोटी पूर्ण सोडली आणि तो हात धारेखाली धरला. पुरे झालं असं वहिनी दोनदा म्हणाल्या. ताईंनी सोडला नाही.

"मला दिसलं नाही," ताई म्हणाल्या.

"तुम्ही माझ्याकडे बघत होतात. रागवायला."

"हो."

"सदरा मी पुन्हा वाळत घातलाय. सकाळीच."

"हो का," ताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजाला काय झालं होतं ते मला हौदाच्या तळातून नीट कळलं नाही. पण त्या रडत होत्या. वहिनीही रडत होत्या. नळ चालू होता त्यामुळे दोघींची सोय झाली.

तेवढ्यात मालक गच्चीवरून खाली आले. त्यांनी हौदाकडे पाहिलं.

"या चादरी पांढऱ्या होत्या ना?"

"कॅन तू धुतलेस?" ताईंनी विचारलं.

"हो. फार धूळ होती."

"आणि लेबलं?"

मालकांनी जरा विचार केला. "निघाली बहुतेक."

"तू आता थोडे दिवस काहीही धुऊ नकोस," ताई म्हणाल्या.

चादरींना काही झालं नाही. दुसऱ्या कॅनमधल्या लिंबूसत्त्वाच्या पाण्यात घातल्या तशा पांढऱ्या झाल्या. आम्लापुढे माझा रंग टिकत नाही, हे मी सुरुवातीलाच सांगितलं. वहिनींच्या हातावर दोन-तीन बारीक डाग राहिले आहेत. ते लिंबूसत्त्वानं जात नाहीत.

मला त्यांनी हौदातून काढलं, पुसलं आणि खिडकीत ठेवलं. नळी फुटली, मानेचा टवका उडाला, पोटात काही नाही. ऊन आलं की भिंतीवर माझी तपकिरी सावली पडते. बाकी काही काम नाही. आता मी कोणाची खोड काढू शकत नाही, त्यामुळे सगळे माझ्याशी चांगले वागतात.

तुमच्याकडे माझ्या नात्यातलं कोणी असेल, तर एक विनंती आहे. थेंब टाकताना थेंबाकडे बघा. शेजारच्या माणसाला नंतरही रागवता येतं. आणि रंग आला नाही म्हणून लगेच हात घालू नका. भरपूर पाण्यात त्यातलं किंचित टाका आणि पुन्हा विचारा. आम्हाला दुसऱ्यांदा विचारलेलं चालतं.

काल परिचारिकाबाई नवी बाटली देऊन गेल्या. माझ्यासारखीच, तपकिरी, काठोकाठ भरलेली. मी खिडकीतून बघत होते. वहिनींनी शेवटचं दुपटं पिळलं, झटकलं, ओट्यावर पसरलं आणि म्हणाल्या, "झालं, वन्सं."

ताईंचा हात खिशाकडे गेला. वहिनी तोंड फिरवायच्या बेतात होत्या.

"थांब," ताई म्हणाल्या. "मी टाकते. बघायचं तू."

थेंब दुपट्यावर पडला. वहिनी खाली वाकून बघू लागल्या. ताईंनी दुपट्याकडे एकदाही पाहिलं नाही. त्या वहिनींच्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या, त्या काय सांगतात त्याची वाट बघत.